चित्रकाराच्या खोलीत एवढी गर्दी कशाची?

प्रश्न : पोलिश चित्रकार यात्सेक माल्चेव्स्की याचं ‘मेलान्कोलिया’ हे चित्र पाहण्यात आलं. एका खोलीत माणसांची नुसती झुंबड उडालेली आहे. हे त्याला पडलेलं स्वप्न आहे का? आणि तो सैबेरियात कैदी होता, हे खरं का?

उत्तर : दुसरी शंका आधी सोडवू, म्हणजे पहिली निम्मी सुटेल. माल्चेव्स्की सैबेरियात कैदी नव्हता. तो १८५४ साली रादोमला जन्मला, तेव्हा पोलंड नकाशावरच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने १७९५ पर्यंत त्याची वाटणी पुरी केली होती. १८६३ साली रशियाविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला आणि हजारो पोलिश लोकांची सैबेरियात रवानगी झाली. हा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. वडिलांनी त्याला देशप्रेमाने भारलेल्या पोलिश साहित्याची गोडी लावली होती. पुढे त्याने हद्दपार कैदी इतके रंगवले, की तो स्वतःच तिथे राहून आला असावा असं कुणालाही वाटेल.

आता गर्दीकडे वळू. चित्र १८९० ते १८९४ या काळातलं. पुढच्या गोंधळात नजर अडकते, म्हणून आधी खोलीच्या मागच्या टोकाला पाहा. तिथे चित्रकार कॅनव्हाससमोर बसला आहे आणि ही सगळी माणसं त्या कॅनव्हासमधूनच बाहेर लोटत आहेत. आधी मुलं, मग तरणेताठे पुरुष, शेवटी खिडकीपाशी थकलेले म्हातारे. काहींच्या हातात लांब दांड्यांचे कोयते आहेत. १७९४ च्या कोश्चुश्कोच्या उठावात शेतकरी असेच कोयते घेऊन लढले होते. म्हणजे खोलीत दिसतं ते पारतंत्र्यातलं अख्खं शतक, बालपणापासून म्हातारपणापर्यंत. बाहेर बाग आहे, उजेड आहे. पण खिडकी कुणालाच ओलांडता येत नाही. याला स्वप्न म्हणण्यापेक्षा आपल्या लोकांचा इतिहास म्हणणं मला जास्त पटतं.

खिडकीशी काळ्या वस्त्रांतली स्त्री आहे. तिला कुणी विषण्णता म्हणतं, कुणी मृत्यू. प्रतीकवादी चित्रातल्या प्रत्येक आकृतीला एकच ठरलेला अर्थ असतो, हा समज इथे सोडावा लागतो. माल्चेव्स्कीचा मृत्यूही सांगाडा नसतो. १९०२ च्या ‘मृत्यू’ या चित्रात कोयता घेतलेली धडधाकट तरुणी गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्याचे डोळे बोटांनी अलगद मिटते. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर भीती नाही, सुटका आहे. मला तरी हे त्याचं सर्वांत हळवं काम वाटतं.

त्याचे गुरू यान मातेयको राजे आणि लढाया भव्य कॅनव्हासवर मांडत. शिष्याने तोच इतिहास आपल्या खोलीत आणला आणि स्वतःलाही त्यात बसवलं. चिलखत घालून, चित्रविचित्र टोप्या चढवून त्याने स्वतःची असंख्य चित्रं काढली, ती निव्वळ हौस म्हणून नव्हेत. हरलेल्या देशात कलावंताने नेमकं काय व्हावं, हा प्रश्न तो आरशासमोर उभा राहून विचारत होता. १९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला, तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता. पुढे त्याची दृष्टी खालावत गेली आणि १९२९ साली क्राकूवमध्ये तो वारला.