मल्टिपल स्क्लेरोसिस, नैराश्य आणि रोजची दिनचर्या



विजेच्या वायरीवर जसं प्लास्टिकचं वेष्टण असतं, तसं आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, शरीराची रोगप्रतिकारशक्ती या आवरणावरच हल्ला करते. मग मेंदूचे संदेश नीट पोहोचत नाहीत. नजर धूसर होते, हातपाय बधिर होतात, तोल जातो. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. म्हणजे नेमकं आपल्या वर्गातल्या मुलांच्या आईचं वय!

बाहेरून काहीच दिसत नाही, पण थकवा प्रचंड असतो. पालकसभेला न आलेल्या आईला 'आळशी' म्हणणं फार सोपं असतं. त्यात नैराश्याची भर. एमएस असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणांना आयुष्यात कधी ना कधी ते गाठतं. ते फक्त आजाराच्या दुःखातून येत नाही, मेंदूतली सूज आणि इजा यांचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे "मन खंबीर ठेव" एवढं सांगून भागत नाही.

ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉर्ज जेलिनेक यांना १९९९ मध्ये एमएसचं निदान झालं. त्यांच्या आईलाही हाच आजार होता. पुढे त्यांच्या गटाने अनेक देशांतल्या २,००० हून अधिक रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेतली. नियमित व्यायाम, चांगला आहार आणि धूम्रपान नसणं, हे जिथे होतं तिथे नैराश्याचं प्रमाण कमी दिसलं. पण इथे घाई नको. व्यायामामुळे मन बरं राहिलं, की मन बरं होतं म्हणून व्यायाम झाला? एकदाच भरलेल्या प्रश्नावलीवरून हे ठरत नाही. व्यायामाच्या प्रत्यक्ष प्रयोगांतही फायदा दिसलाय, पण तो माफकच.

उष्णतेने या रुग्णांची लक्षणं तात्पुरती वाढतात. म्हणून चालणं सकाळी लवकर, थोडं थोडं, डॉक्टरांना विचारून. आणि घरच्यांनो, धुणं-भांडी, डबे, मुलांचा अभ्यास सगळं उरकल्यावर "आता जरा चालून ये" म्हणू नका, तेव्हा तिच्यात त्राणच उरलेलं नसतं! आधी कामं वाटून घ्या.

दोन आठवडे उदासी हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. समुपदेशन आणि औषधं, दोन्हींचा उपयोग होतो. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि शिक्षकांनो, अशा आईची भेट तळमजल्यावर ठेवा, नाहीतर सरळ फोनवरच बोला.