इंजिन गरजतं, बोट मात्र रेंगाळते

मुंबई बंदरात एका खासगी स्पीडबोटीवर काम करणाऱ्या तांडेलाला पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच फेरीत काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. थ्रॉटल पुढे ढकललं की इंजिनाचा आवाज चढायचा, काटा मिनिटाला 5200 फेऱ्यांवर जायचा, पण बोट नाक वर करून पाणी ढकलत राहायची. वेग 10 नॉटच्या पुढे सरकेना. धक्क्यावरच्या मेकॅनिकने निदान केलं, “पंखा हलका पडतोय, मोठा टाका.” मालकाने 19 इंच पिचच्या जागी 23 इंच पिचचा पंखा आणला.

बोट धावू लागली. सगळ्यांना वाटलं, रोग सापडला. पण आता पूर्ण थ्रॉटलला इंजिन 3900च्या वर जाईना आणि डिझाइननुसार ते 4400 ते 4800 फेऱ्यांत चालायला हवं होतं. खूप वरच्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखा त्याचा जीव घुसमटत होता. असं इंजिन पूर्ण भारावर सतत रेटलं तर ते तापतं, पेट्रोल इंजिनात ठोके येतात आणि पिस्टनपर्यंत नुकसान पोचू शकतं.

नव्या पंख्याने बोट चालवली ती त्याच्या पिचमुळे नव्हे. बहुतेक पंख्यांच्या मध्यभागी, शाफ्टवर बसणारी खाचांची नळी आणि पात्यांचा बाहेरचा भाग यांच्यामध्ये रबरी बुश घट्ट दाबून बसवलेला असतो. गिअर टाकतानाचा हिसका तो पचवतो. पातं खडकावर आपटलं तर गिअरांआधी तो सुटतो. जुन्या पंख्याचा बुश सुटला होता. हळू चालताना तो पकड धरायचा आणि भार आला की आतल्या आत फिरायचा. नव्या पंख्यात बुशही नवा होता, एवढंच. चुकीच्या औषधाने योगायोगाने ताप उतरला आणि मागे दुसरं दुखणं ठेवून गेला.

तांडेलाने मग जुना पंखा परत बसवला. नळीपासून पंख्याच्या बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढली आणि एक फेरी मारली. परतल्यावर रेघेचे दोन तुकडे वेगवेगळ्या जागी होते. वर्कशॉपमध्ये प्रेसवर नवा बुश बसला आणि 19 इंचाच्याच पंख्यावर इंजिन 4600ला पोचलं.

तेव्हापासून तो मेकॅनिकला बोलावण्याआधी दोन आकडे लिहून ठेवतो: पूर्ण थ्रॉटलला इंजिनाच्या फेऱ्या आणि जीपीएसवरचा वेग. पिच म्हणजे पंखा एका फेरीत, घसरण न होता, किती इंच पुढे जाईल ते माप. 2:1 गिअर असलेल्या ड्राइव्हवर 4600 फेऱ्यांना पंखा 2300 फेऱ्या घेतो. 19 इंच पिचने हिशेबी वेग सुमारे 36 नॉट येतो. जीपीएस 31 दाखवत असेल तर घसरण 14 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हलक्या बोटीला चालण्यासारखी. हीच घसरण अचानक दुप्पट झाली तर शोध पंख्यापासून सुरू करावा. पिच 1 इंचाने बदललं की फेऱ्या साधारण 150 ते 200 ने बदलतात. 4 इंचांच्या फरकाने त्या 700ने का पडल्या, याचं उत्तर इथेच आहे.

फेऱ्या जास्त आणि वेग कमी असेल तर बुशखेरीज दुसरा संशयित म्हणजे हवा. ड्राइव्ह, म्हणजे पंखा धरणारा बाहेरचा पाय, ट्रिमने फार वर उचलला असेल, किंवा तीव्र वळण घेतलं असेल, तर पात्यांत वरची हवा किंवा एग्झॉस्ट ओढला जातो. ट्रिम खाली घेतल्यावर पकड परत आली, तर पंख्यावर पैसा खर्चायची गरज नाही. वाकलेली कड किंवा पात्यावर बारीक खड्डे दिसले तर गोष्ट वेगळी. तिथे दाब इतका उतरतो की पाण्याचीच वाफ होते आणि ते बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात.

या बुडबुड्यांनी चार्ल्स पार्सन्स या अभियंत्यालाही जेरीस आणलं होतं. 1894 साली त्याची वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ पाण्यात उतरली. ताकद भरपूर असूनही अपेक्षित वेग येईना. पार्सन्सने टाकीत पंखे फिरवून बुडबुडे डोळ्यांनी पाहिले आणि तीन शाफ्टवर प्रत्येकी तीन असे नऊ पंखे बसवले. 1897च्या स्पिटहेडच्या आरमारी संचलनात तीच बोट सुमारे 34 नॉटने पळाली.

फेऱ्याही कमी, वेगही कमी, असं असेल तर आधी बोट वर काढून तळ बघावा. बंदरात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या बोटीला बार्नेकलचा खरखरीत थर चढतो. तळ स्वच्छ असेल तर बिल्जमधलं पाणी, इंधनाचा फिल्टर आणि थ्रॉटलची केबल शेवटपर्यंत उघडते का, हे क्रमाने पाहावं.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत आणि गिअरांचा पाय बाहेर असतो, म्हणून त्याची काही दुखणी वेगळी. पंखा काढला की मागे शाफ्टवर जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलाय का ते बघा. तो सील कापतो आणि पाणी आत शिरतं. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलेलंच आहे. वळताना घुरघुर आली तर गिंबल बेअरिंग तपासा. आणि इंजिनाला ड्राइव्हशी जोडणाऱ्या दांड्याभोवतीच्या रबरी बेलोच्या प्रत्येक घडीवरून हाताचं बोट फिरवा. तिथली चीर म्हणजे समुद्राला बोटीत यायचा रस्ता. ती सापडली की नवा बेलो बसेपर्यंत बोट पाण्यात ठेवू नका. हे सगळं करताना इंजिन बंद आणि किल्ली खिशात हवी.