अडणारी रायफल व तिच्या दोषाची परीक्षा

आमच्या मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावी मळणीचे यंत्र ऐन हंगामात बंद पडले, म्हणजे भोवती जमलेला प्रत्येक जण निराळे निदान सांगतो. कोणी तेलास दोष देतो, कोणी पट्ट्यास, कोणी हातोडीच उचलतो. कसबी मिस्त्री मात्र प्रथम विचारतो की, यंत्र थांबले तेव्हा ते नेमके काय करीत होते? हाच प्रश्न वारंवार अडणाऱ्या रायफलीसही लावून पाहावा, असे आम्ही योजिले आहे. मळणी एक दिवस लांबली तर नुकसान होते खरे, परंतु शिपायाची रायफल शत्रूसमोर अडली तर काय होते, हे सांगावयास नकोच.

जिला अर्धस्वयंचलित रायफल म्हणतात, तिचे काम आधी समजून घेऊ. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, परंतु पुढील काडतूस भरण्याचे श्रम शिपायास पडत नाहीत. जळलेल्या दारूचा वायू गोळीस नळीतून ढकलीत असता, नळीच्या एका बारीक छिद्रातून त्याचा थोडा अंश बाहेर काढून दट्ट्यावर सोडतात. आगगाडीच्या इंजिनात वाफ जे काम करी, तेच येथे हा वायू करितो. दट्ट्या बोल्टास मागे लोटतो. बोल्टाचा आकडा रिकामी पुंगळी ओढून काढतो व ती बाजूस फेकली जाते. मागे दबलेली स्प्रिंग बोल्टास पुन्हा पुढे आणते. येता येता तो मॅगझिनमधील वरचे काडतूस उचलून नळीच्या मागील टोकाशी असलेल्या कोठीत बसवितो व कुलूप लावल्याप्रमाणे घट्ट होतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. यांतील कोणतीही एक क्रिया अपुरी राहिली की रायफल अडते.

परीक्षेपूर्वीचा नियम एकच व तो मोडू नये. नळीचे तोंड निर्धोक दिशेस ठेवावे, बोट चापापासून दूर असावे, मॅगझिन आधी काढावे, मग बोल्ट मागे ओढून कोठी डोळ्यांनी पाहावी व बोटाने चाचपावी. चाप ओढूनही बार न झाल्यास बोल्ट तत्काळ उघडू नये, कारण क्वचित दारू क्षणभर उशिराने पेटते. निदान अर्धा मिनिट तशीच धरून थांबावे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांच्या हाती जी लहान रायफल येते, तिचा बोल्ट हातानेच ओढावा लागतो. तरी हा नियम तिलाही तितकाच लागू आहे.

आता निदान. नवे काडतूस तिरपे होऊन कोठीच्या तोंडाशी अडकले असेल, तर संशय प्रथम मॅगझिनवर घ्यावा. त्याचे पत्र्याचे ओठ किंचित वाकले किंवा आतील स्प्रिंग थकली, तर काडतूस योग्य उंचीस येत नाही. येथे एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक मॅगझिनवर खडूने आकडा घालावा. दोष एकाच आकड्यामागे फिरू लागला तर रायफल निर्दोष समजावी. सर्वच मॅगझिनांत तो दिसला तर मात्र रायफलीकडे वळावे. रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर न पडता बोल्टात चिमटली, तर बहुधा बोल्ट पुरता मागे गेलेला नसतो. म्हणजे वायू कमी पडला, नाहीतर मळाने अथवा घट्ट झालेल्या तेलाने वाट अडविली. आपल्या सैन्यात १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरची जी एस. एल. आर. रायफल सर्वत्र रूढ झाली, तिच्यात यासाठीच वायूचे नियमन करणारी कडी ठेवलेली आहे. ती फिरविली म्हणजे दट्ट्यास अधिक किंवा कमी वायू मिळतो.

पुंगळी कोठीतच रुतून बसणे हा सर्वांत वाईट प्रकार होय. पितळेची पुंगळी बाराच्या वेळी फुगून कोठीच्या भिंतीस चिकटते व लगेच आकसते. कोठी खरबरीत, गंजलेली किंवा फार तापलेली असली की ती नीट सुटत नाही, आणि आकडा तिची कड फाडून मोकळाच मागे जातो. व्हिएतनामच्या युद्धात १९६५ नंतर अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचे हेच झाले. दारूची जात बदलली होती. तिने मळ अधिक धरला व बोल्टाची गतीही वाढली. कोठीस क्रोमचा मुलामा नव्हता, आणि या रायफलीस साफसफाईची गरज फारशी नाही असा समज पसरल्याने शिपायांस साहित्यही पुरेसे मिळाले नव्हते. १९६७ मध्ये तेथील लोकप्रतिनिधींच्या समितीने चौकशी केली. पुढे कोठीस मुलामा दिला गेला व साफसफाईचे साहित्य पोचले, तेव्हा तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. दोष एक नव्हता, तिघांचा मिळून होता. अशा जागी एकावरच बोट ठेवणारा हटकून चुकतो.

आपल्या महाराष्ट्राशी संबंध असलेले उदाहरण इन्सास रायफलीचे. तिची रचना पुण्यास पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत झाली व ती बंगालात ईशापूरच्या कारखान्यात तयार झाली. १९९९ च्या कारगिल युद्धात तिच्याविषयी अडण्याच्या व थंडीत प्लास्टिकचे मॅगझिन तडकण्याच्या तक्रारी आल्या. पुढे ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळातील कालिकोट येथे बंडखोरांशी झालेल्या लढाईत बरेच सैनिक मारले गेले, तेव्हा नेपाळी सैन्याने या रायफलीस दोष दिला. भारताकडून उत्तर आले की, वापर व निगा नीट झाली नसावी. आमच्या मते असा वाद पत्रांनी मिटत नाही. अडलेली रायफल, तिचे मॅगझिन व तिच्या पुंगळ्या एकत्र ठेवून पाहिल्या, तरच कोण खरे ते ठरावयाचे.

तेलाविषयीही लोकांचा समज उलटा असतो. आमच्याकडील काळ्या मातीची धूळ पिठासारखी मऊ; तीत सढळ हाताने तेल ओतले की रायफलीच्या पोटात चिखलच तयार होतो. धुळीच्या प्रदेशात तेलाचा हात पातळ असावा. अतिथंड प्रदेशात दाट तेल गोठून बोल्टाची गती मंदावते, म्हणून तेथे निराळे तेल लागते.

मैदानावर पडलेल्या पुंगळ्या फेकून देऊ नयेत, त्या बोलतात. कड फाटलेली असेल तर ओढण्यात दोष, अंगावर खोल पोचा असेल तर फेकण्यात दोष. दुरुस्ती करिताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मॅगझिन, काडतूस व तेल तिन्ही एकदम बदलली तर गुण कशाने आला ते कळत नाही. कानस लावणे वा स्प्रिंग कापणे असले प्रयोग घरी करू नयेत; ते काम परवानाधारक कारागिराचे किंवा पलटणीच्या शस्त्रशाळेचे. आणि एखादा बार नेहमीपेक्षा बसका ऐकू आला, तर रायफल अडली नसली तरी थांबावे. गोळी नळीतच राहिली असण्याचा संभव असतो, व तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते. अशा वेळी रायफल रिकामी करून, मागील बाजूने नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत पुढील काडतूस हाती घेऊ नये.