फुलांचे वाळवण

पापड, कुरडया आणि सांडगे यांचे वाळवण आपल्या घरांना नवे नाही. कोणता पदार्थ कडक उन्हात घालावा, कोणता सावलीत सुकवावा, हे आपल्या भगिनींना शिकवावे लागत नाही. फुलांचे वाळवण मात्र आपल्याकडे फारसे कोणी शास्त्रशुद्ध रीतीने करीत नाही. एखादे फूल जपून ठेवावे असे मनात येते, ते पुस्तकात किंवा डब्यात ठेवले जाते आणि काही दिवसांनी हाती निराशा येते.

आमचा स्वतःचा अनुभव असाच आहे. घरातील एका लग्नाचा हार आम्ही मोठ्या हौसेने पत्र्याच्या डब्यात घालून वर घट्ट झाकण लावले. पंधरा दिवसांनी डबा उघडला तेव्हा आत काळपट लगदा आणि बुरशी यांवाचून काही उरले नव्हते. तो हार पुन्हा मिळणार नव्हता. ज्या फुलांचा मोह पडतो ती बहुधा अशी एकदाच हाती येणारी असतात. म्हणून ही विद्या आधी बागेतल्या साध्या फुलांवर शिकून ठेवावी, असे आम्हांस वाटते.

फूल का कुजते, का टिकते

फुलाच्या पाकळ्यांत पाणी पुष्कळ असते. ते पाणी आतच राहिले, तर बुरशीस आयते घर मिळते; ते लवकर निघून गेले, तर बुरशीस जगता येत नाही. आमच्या डब्याने पाणी बाहेर जाऊच दिले नाही. याउलट उदाहरण इजिप्तचे. तुतनखामेन राजाची समाधी १९२२ साली सापडली. पुढे त्याच्या शवपेट्या उघडल्या, तेव्हा सुमारे ३३०० वर्षांपूर्वी वाहिलेल्या पानाफुलांच्या माळा तेथे ओळखू येण्याजोग्या स्थितीत मिळाल्या. तेथील कोरड्या हवेचा यात मोठा वाटा आहे. सारांश, वाळविणे म्हणजे फुलाचा आकार न मोडता त्यातील पाणी वेळेवर काढून घेणे.

कोणती फुले घ्यावीत

जे फूल मुळातच कोरडे, ते सर्वांत चांगले टिकते. भादव्यानंतर शेताच्या बांधावर उभे राहणारे कुरडूचे रुपेरी-गुलाबी तुरे, बागेतील कोंबडा आणि बोटांत घेताच कागदासारखी वाजणारी जांभळी गॉम्फ्रीना ही तिन्ही राजगिऱ्याच्या कुलातली. त्यांचा रंग वाळल्यावरही बराच काळ राहतो. बोगनवेलीचे रंगीत भागही पाकळ्या नसून पातळ पानेच आहेत. ती दाबून छान सुकतात. झेंडूचा पिवळा-केशरी रंगही चांगला टिकतो. तांबडा गुलाब वाळला की काळसर जांभळा होतो, हे आधीच जाणून असावे. मोगरा व जाई तपकिरी पडतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये. बकुळीचाही रंग जातो, पण सुगंध मागे राहतो, म्हणून तिचा सर कपड्यांच्या पेटीत ठेवावा.

फुले सकाळी दव सुकल्यावर तोडावीत. पावसात भिजलेली घेऊ नयेत. बहुतेक फुले पूर्ण उमलण्याच्या किंचित आधी खुडावीत.

तीन रीती

पहिली रीत टांगण्याची. देठाची पाने काढून आठ-दहा देठांची जुडी करावी व रबराने बांधावी. देठ सुकताना बारीक होतात आणि सुतळी ढिली पडून जुडी निसटते. जुडी हवेशीर, अंधाऱ्या जागी उलटी टांगावी, म्हणजे माना वाकत नाहीत. पापडांस ऊन हवे, फुलांस सावली. उन्हाने त्यांचा रंग उडतो. दोन-तीन आठवड्यांनी देठ वाकविताच कटकन मोडला, की काम झाले असे समजावे.

दुसरी रीत वाळूची. गुलाबासारखे भरीव फूल टांगल्यास आक्रसते, म्हणून त्यास आधार द्यावा लागतो. नदीची बारीक वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवावी, सुकवावी व चाळावी. खोक्यात वाळूचा थर देऊन त्यावर फूल उभे ठेवावे आणि चमच्याने पाकळ्यांच्या आतबाहेर हळूहळू वाळू सोडीत ते पूर्ण झाकावे. येथे खोके उघडेच ठेवावे, कारण वाळू पाणी शोषीत नाही, फक्त आकार सांभाळते. दोन-तीन आठवड्यांनी वाळू एका कडेने अलगद ओतून फूल मोकळे करावे. वाळूऐवजी सिलिका जेल वापरल्यास ते स्वतःच पाणी ओढून घेते. तेव्हा डबा घट्ट बंद हवा आणि आठवड्याभरात काम होते. रंग बदलणारे निळे खडे विषारी असतात, ते मुलांच्या हाती देऊ नयेत.

तिसरी रीत दाबण्याची. एकेरी पाकळ्यांची फुले व नेच्याची पाने टिपकागदात पसरून वर वजन ठेवावे. पहिले काही दिवस कागद रोज बदलावा. अशा फुलांनी शुभेच्छापत्रे सजवावीत किंवा काचेच्या चौकटीत मांडणी करावी.

जपणूक

दमट हवा ही वाळलेल्या फुलांची वैरीण. गोमंतकात हे काम पाऊस सरल्यावरच हाती घ्यावे. इंदूर-ग्वाल्हेरकडे कार्तिकापासून कोरडी हवा साथ देते. पावसाळ्यात ही सजावट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फूल पुरते वाळल्यावर मात्र झाकण हितकारकच असते. वाळलेले फूल क्षणात पेट घेते, म्हणून समई-निरांजनापासून ते दूर असावे. देवपूजेस ताजे फूल. वाळलेल्याची जागा दिवाणखान्यात, दाराच्या चौकटीवर, मखराच्या बाहेरच्या कडेला. दसऱ्याला कोकणात दारी बांधलेल्या भाताच्या लोंब्याही तेथेच वाळून राहतात.

आमच्या घरी त्यानंतर दुसरे लग्न झाले. या वेळी सबंध हार जपण्याचा हव्यास आम्ही धरला नाही. त्यातील पाच गुलाब निवडून त्याच रात्री वाळूत ठेवले. एक काढताना मोडला, चार उरले. रंग काळवंडला आहे, पण पाकळी न् पाकळी जागच्या जागी आहे. सासरहून लेक येते, तेव्हा प्रथम त्या काचेच्या पेटीपाशी जाते. एवढे हाती राहिले तरी पुष्कळ झाले.

वाचक भगिनींनी येत्या हंगामात कुरडूच्या एका जुडीपासून आरंभ करावा.