‘ने’ ह्या लहान शब्दाविषयी

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापिले, तेव्हापासून कितीतरी पिढ्या विभक्ती घोकीत आल्या आहेत. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी शाळेत ते तक्ते पाठ केले, त्यांस ‘ने, ए, शी’ ही तृतीयेची ओळ अजून आठवत असेल. त्या ओळीतील पहिला ‘ने’ करणाऱ्याच्या नावास लागतो. सुताराने दार केले, मुलीने पत्र लिहिले. गावात एवढे ज्ञान पुरे होते. पण मुंबईच्या उपनगरांत ते पुरत नाही, हे आम्हांस एका प्रसंगावरून कळले.

आमच्या मंडळीतील एक तरुण घाटकोपर येथे एका किराणा दुकानी वही लिहिण्याच्या कामास लागला. शेठजी घरी गुजराती बोलत, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि नोकरांशी ह्या दोहोंत मराठी मिसळून. ते गल्ल्यावरून तोंडी सांगत व हा लिही. एके रात्री गल्ला मोजिला तो वहीपेक्षा हजार रुपये कमी भरला. शेठजी रागाने काही बोलले नाहीत, परंतु दुसऱ्या सकाळी त्यांनी गल्ल्याची किल्ली त्याच्याकडून मागून घेतली. तो आम्हांकडे आला. सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही प्रथम हेच विचारिले, “बाळा, अडचणीपायी काही उचलले असेल तर आताच सांग.” तो इतकेच म्हणाला, “पाळकसाहेब, तुम्हीसुद्धा?”

दुसऱ्या सायंकाळी आम्ही त्याच्याबरोबर दुकानी गेलो आणि शेठजींच्या परवानगीने वही पाहावयास बसलो. हिशेबनिसांची एक जुनी युक्ती आहे: जेवढी तूट तिचे निम्मे करावे आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधावी. कारण बाहेर गेलेली रक्कम चुकून जमेस धरिली, तर फरक दुप्पट पडतो. हजारांचे निम्मे पाचशे. वहीत पाचशेची एकच नोंद होती, ती एका हमालाच्या नावे जमा. त्या हमालास येथे रमेश म्हणू. शेठजींस विचारिले तेव्हा ते उद्गारले, “जमा कशाला? मी तर सांगितले होते, रमेशने पाँचसो आप्या!”

सर्व घोटाळा ह्या वाक्यात होता. गुजरातीत ‘रमेशने’ म्हणजे रमेशला. रमेश हा देणारा असता तर शेठजी ‘रमेशे’ म्हणाले असते. हमालाने पाचशे रुपये उचल घेतली होती. आमच्या तरुणाने मराठी कानाने ऐकून ती त्याने दिली असे लिहिले. देणारा आणि घेणारा एका अक्षराने उलटले. नाव राम असते तर कदाचित बचाव झाला असता, कारण आपण ‘रामाने’ म्हणतो, आणि तो मधला ‘आ’ नाही हे कानास जाणवते. ‘रमेशने’ मात्र दोन्ही भाषांत एकसारखेच ऐकू येते.

ग्रिअर्सन साहेबांच्या भाषासर्वेक्षणातील मराठीचा खंड १९०५ साली व गुजरातीचा १९०८ साली निघाला. त्यांतील विभक्ती शेजारी शेजारी ठेविल्या म्हणजे हा भेद लागलाच दिसतो. हिंदीचा ‘ने’ आपल्यासारखा करणाऱ्याचा. मारवाडीचा गुजरातीकडे झुकतो. हरियाणाच्या बोलीत तर तोच ‘ने’ दोन्ही कामे करितो, आणि कोणी दिले व कोणास दिले हे पुढील शब्दांवरून ओळखावे लागते. तेस्सितोरी ह्या इटालियन पंडिताने १९१४ ते १९१६ च्या सुमारास जुन्या पश्चिम राजस्थानीवर लिहिताना गुजरातीचा हा प्रत्यय ‘जवळ’ ह्या अर्थाच्या ‘कन्हइँ’ शब्दापासून काढिला. ते आम्हांस पटते. गुजरातीत ‘कने’ म्हणजे जवळ, आणि ज्याच्याजवळ वस्तू ठेविली त्यास ती दिली, हा अर्थ दूरचा नाही.

गुजराती ‘ने’ एवढ्यावर थांबत नाही. ‘राम ने श्याम’ म्हणजे राम आणि श्याम. “आवशो ने?” म्हणजे “याल ना?” मुलुंड, बोरिवलीच्या चाळींत वाढलेल्या मुलांस हे न शिकविता येते. आपल्या मराठीतही ‘ही पिशवी घरी ने’ यातील ‘ने’ प्रत्यय नव्हे, ती आज्ञा आहे. पण त्यावाचून आपले कधी अडत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

समुद्रापलीकडे तर अधिकच नवल. झेक आणि सर्बियन लोक ‘ने’ म्हणतात तेव्हा ते नकार देतात. ग्रीस देशात आज ‘ने’ म्हणजे होय, आणि कोरियातही होय. सेमिनरीत आम्ही मत्तय ५:३७ मूळ ग्रीकात वाचिला. तेथे ‘होय’ला जो शब्द आहे तो हाच, गुरुजी जुन्या उच्चाराप्रमाणे त्यास ‘नाइ’ म्हणत, आणि वर्गातील मराठी मुले दरवेळी हसत, कारण आमच्या कानास तो ‘नाही’च वाटे.

असो. त्या रात्री नोंद खोडून नावे घातली गेली आणि हिशेब रुपयास रुपया जुळला. शेठजींनी किल्ली गल्ल्यावर ठेविली, पण ती उचलण्यास त्या तरुणाने बराच वेळ घेतला. आम्ही त्याची क्षमा मागितली; शेठजींनी मागितली नाही, चहा मागविला. तो अद्याप तेथेच कामास आहे. शेठजी आता पैसे दिल्याचे सांगताना आपल्या गुजराती वाक्यात मराठी प्रत्यय घालतात, “रमेशला पाँचसो आप्या,” आणि तो तरुण तरीही लिहिण्यापूर्वी एकदा विचारितो, “शेठ, आले की गेले?”