मेंदूचा आलेख आणि इलेक्ट्रोडची सुधारणा

मेंदूतील विद्युत-क्रियेचा आलेख, म्हणजेच ई.ई.जी., ही तपासणी भायखळा परिसरातील रुग्णांना आता नवीन राहिलेली नाही. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा असा आलेख प्रथम नोंदवला व १९२९ साली तो प्रसिद्ध केला. त्यानंतर यंत्रे पार बदलली. अडचण मात्र आजही तेथेच आहे, जेथे इलेक्ट्रोड डोक्याच्या त्वचेला टेकतो.

त्वचेवर मिळणारा मेंदूचा विद्युतदाब साधारणतः १० ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या एक लाखाव्या ते दहा हजाराव्या भागाइतका असतो. तो स्पष्ट उमटावा म्हणून इलेक्ट्रोड व त्वचा यांमधील विद्युतरोध ५ किलो-ओहमच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. केसांतील खोबरेल तेल व मृत त्वचेचा थर हा रोध वाढवतात. मुंबईच्या दमट हवेत घामामुळे आलेखावर संथ लाटा उमटतात. पेस्ट पसरली, तर शेजारचे दोन इलेक्ट्रोड जणू एकच होऊन बसतात.

याचे गांभीर्य एका शाळकरी मुलीच्या बाबतीत आम्हास जाणवले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली होती. अन्यत्र काढलेल्या आलेखात तीक्ष्ण टोके दिसल्याने तिला अपस्माराची औषधे सुरू झाली होती. आम्ही तो आलेख बारकाईने पाहिला, तेव्हा ती टोके एकाच इलेक्ट्रोडशी जोडलेल्या रेषांत आढळली. शेजारी त्यांचा मागमूस नव्हता. मेंदूतून उठलेली लहर सहसा अशी एकटी राहत नाही. केस धुऊन पुन्हा आलेख काढला, तेव्हा टोके दिसली नाहीत. केवळ निर्दोष आलेखाने अपस्मार नाही असे ठरत नाही. म्हणून पडण्याची हकीकत नव्याने विचारली. ती साध्या मूर्च्छेची निघाली. पुढे देखरेखीखाली औषधे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली.

सुधारणेचे प्रयत्न अनेक दिशांनी झाले आहेत. चांदी व सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड संथ लहरीही स्थिरपणे टिपतात. कंगव्यासारखे दाते असलेले कोरडे इलेक्ट्रोड पेस्टविना केसांतून त्वचेपर्यंत पोहोचतात. मात्र त्यांचा रोध अधिक असतो व डोके हलताच आलेख बिघडतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दाट, कुरळ्या केसांसाठी निराळा मार्ग सुचवला: केसांच्या घट्ट, बारीक वेण्या घालून त्यांच्याच आधाराने इलेक्ट्रोड बसवणे. ज्या केसांची अडचण होती, तेच येथे आधार ठरले.

यातून आम्ही घेतलेला धडा साधा आहे. आमचे देणगीदार नव्या यंत्रासाठी आस्थेने विचारणा करतात. त्याबरोबरच वेळेवर बदललेले इलेक्ट्रोड आणि ते घाई न करता बसवणारा तंत्रज्ञ यांसाठीचा खर्चही तितकाच मोलाचा मानावा, ही नम्र विनंती. पालकांनी तपासणीच्या आदल्या रात्री मुलांचे केस धुवावेत, तेल लावू नये आणि चालू औषधे वैद्यकीय सल्ल्याविना थांबवू नयेत.