दात दुखण्यापूर्वीच जपावेत

दात ठणकू लागल्यावाचून दंतवैद्याकडे जायचे नाही, अशी आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. परंतु दात ठणकू लागतो तेव्हा दंतक्षय बहुधा आतील नसेपर्यंत पोचलेला असतो. तोपर्यंत तो वेदनेवाचून वाढत राहतो. म्हणूनच दंतरक्षणाचा विचार दुखणे नसतानाच करावयास हवा. या विषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांचा येथे परामर्श घेतला आहे.

दाताला कीड लागते म्हणजे काय होते?

दातात प्रत्यक्ष किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू असतात. ते साखर, गूळ व पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दातावरील कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, विरघळू लागते. लाळ ही हानी काही अंशी भरून काढते. मात्र त्यासाठी तिला अवधी मिळावा लागतो. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोड चहा, बिस्किटे वा गोळ्या तोंडात जात राहिल्या, तर तो अवधी मिळत नाही. जत्रेतील खाजे वर्ज्य करण्याचे कारण नाही. ते जेवणाबरोबर खावे व नंतर चूळ भरावी. एकदा खड्डा पडल्यावर मात्र दंतवल्क पुन्हा निर्माण होत नाही.

दुधाचे दात पडणारच, मग त्यांची काळजी कशाला?

दुधाचे वीस दात पुढे येणाऱ्या कायम दातांची जागा राखून ठेवतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सुमारे सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायम दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. ही दाढ गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. पहिलीच्या वर्गातील पालकांना शिक्षकांनी ही एक गोष्ट आवर्जून सांगावी.

दात कशाने घासावेत?

राख, कोळसा व विटेची पूड यांनी दात क्षणभर पांढरे दिसतात, पण दंतवल्क झिजते. मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरून सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

मशेरी हे दंतमंजन नव्हे, ती भाजलेली तंबाखूच होय. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला आवर घालणे घरातील माणसांच्याच हाती आहे. तंबाखूने मुखाचा कर्करोग होतो. तोंडातील व्रण किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा न झाल्यास, अथवा तोंड पुरते उघडेनासे झाल्यास, विलंब न लावता तपासून घ्यावे.

दात साफ करून घेतल्याने ते हलतात काय?

नाही. हिरड्यांच्या कडेला साचलेले कीटण काढल्यावर दातांतील फटी दिसू लागतात, म्हणून तसे वाटते. खरे तर हे कीटणच हिरड्या सुजवून दातांचा आधार खिळखिळा करते. त्याचप्रमाणे वरचा दात काढल्याने दृष्टी मंदावते, ही समजूतही निराधार आहे.

खेळताना दात निखळून पडला तर?

कायम दात मुळासकट निखळल्यास तो मुळाकडे न धरता वरच्या भागाला धरून उचलावा, दुधात ठेवावा व मुलाला त्वरित दंतवैद्याकडे न्यावे. तासाभरात पोचल्यास तो पुन्हा बसण्याची आशा असते. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

उपचारांसाठी प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. बांबोळी येथे १९८० मध्ये स्थापन झालेले गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. दुखण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा तरी दातांची तपासणी करून घेतली, तर काढाव्या लागणाऱ्या अनेक दाढा केवळ भरून वाचविता येतील.